ऐकणारा डबा आणि डोमाभाऊंची क्रेन

लॅबमध्ये नोकरी केली असं सांगितलं की लोकांना रक्ताची लॅब वाटते. मंडळाच्या हळदीकुंकवात आजवर निदान दहा बायकांनी मला उपाशीपोटी शुगर किती असावी ते विचारलं असेल. सुरुवातीला मी समजावून सांगत असे की माझी लॅब इलेक्ट्रॉनिक्सची, इंजिनिअरिंग कॉलेजातली. पुढे पुढे मी सरळ आकडा सांगायला लागले. तो बरोबरच असायचा, कारण आमच्या ह्यांना शुगर आहे.

आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी प्लांटवाल्यांच्या आठवणी येतात. भट्टी, कोक ओव्हन, संप, पहिली सायकल. या वर्षी संपादक घरी आले आणि म्हणाले, एखादी बाई पाहिजे, आणि शक्यतो प्लांटच्या बाहेरची. या दोन्ही अटींत मी बसते. माझे वडील भंडाऱ्याकडची शेती भावांवर टाकून भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटमध्ये लागले. आम्ही भिलाईच्या कॅम्प वस्तीत वाढलो, आणि आता कुरुदला घर आहे. मी मात्र प्लांटचं गेट आतून पाहिलं ते एकदाच, शाळेच्या सहलीत.

कॉलेजात मी लॅब टेक्निशियन होते. पहिली वीसेक वर्षं विद्यार्थ्यांनी उलटे लावलेले कपॅसिटर फुटताना ऐकण्यात गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखं घडलं ते नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत, आमच्या विभागात शिकवणाऱ्या देशकर मॅडमनी पीएचडी करायला घेतली तेव्हा. मॅडम माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, वडील प्लांटमध्ये अधिकारी. त्या मला सुमनताई म्हणायच्या आणि मी त्यांना मॅडम. त्यांचा विषय होता कॉग्निटिव्ह रेडिओ आणि त्यातलं स्पेक्ट्रम सेन्सिंग. ही दोन नावं ऐकून घाबरू नका. मीही पहिले सहा महिने नुसती मान हलवत होते.

दुर्गहून नागपूरकडे जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. तुमच्याकडे साधं तिकीट आहे आणि आरक्षणाच्या डब्यात एक बर्थ रिकामा दिसतो. तुम्ही बसता. ज्याचा बर्थ आहे तो राजनांदगावला चढला की मुकाट्यानं उठता. हवेतही असेच बर्थ असतात, त्यांना फ्रिक्वेन्सी म्हणतात. कोणाकोणाच्या नावावर ते वाटून दिलेले आहेत आणि त्यातले पुष्कळसे पुष्कळ वेळ रिकामे जातात. मालक गप्प असेल तेव्हा त्याच्या जागेवर बोलायचं आणि तो बोलायला लागला की उठायचं, एवढं रेडिओला शिकवलं की तो झाला कॉग्निटिव्ह रेडिओ. आणि बोलण्याआधी जागा खरंच रिकामी आहे का हे कान देऊन बघणं म्हणजे स्पेक्ट्रम सेन्सिंग. माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. मॅडमना मी ते कळवलं नाही.

आमचं यंत्र म्हणजे जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी पेटी आणि तिला जोडलेला हातभर अँटेना. आम्ही तिला डबाच म्हणायचो. या डब्याला कोण काय बोलतंय ते कळत नसे. गोंगाट किती आहे तेवढं तो मोजायचा. एक रेघ ठरवून द्यायची. गोंगाट रेघेच्या वर गेला की डब्यानं समजायचं, मालक आला, आपण गप्प. रेघेच्या खाली असला की जागा रिकामी, खुशाल बोला. रेघ फार खाली ठेवली तर शेजारचा मिक्सर सुरू झाला तरी डबा घाबरून गप्प बसतो. फार वर ठेवली तर मालक समोर येऊन बोलत असला तरी त्याला पत्ता लागत नाही. ही रेघ नेमकी कुठे असावी, यावर मॅडमचा सगळा प्रबंध होता. जगात पुष्कळ लोक यावर डोकं खाजवतात असं त्या म्हणायच्या, म्हणजे आम्ही एकट्या नव्हतो.

वर्षभर आम्ही दुर्गपासून कुम्हारीपर्यंत हवा मोजत फिरलो. मॅडम माझ्या स्कूटीवर मागे बसायच्या आणि अँटेना आडवा धरायच्या. हायवेवर आम्हाला पाहून लोक घाईघाईनं हेल्मेट घालत. त्यांना वाटे, पोलिसांचं वेग मोजायचं काहीतरी आहे. आमच्या संशोधनाचा समाजाला झालेला पहिला उपयोग तोच.

एकदा कुरुदच्या बाजूला रोज दुपारी तीनला एक सिग्नल उगवायला लागला आणि संध्याकाळी मावळायला लागला. ज्या जागेवर कोणी नसायला हवं तिथे रोज कोणीतरी तीन तास बोलत होतं. मॅडमनी चार दिवस त्याचे आलेख काढले. पाचव्या दिवशी मी स्कूटीवर अँटेना घेऊन निघाले, जिकडे जोर वाढेल तिकडे वळत गेले आणि एका मांडवात पोचले. भागवत सप्ताह चालला होता आणि महाराजांच्या हातात बिनवायरचा माईक होता. त्यांच्या माणसांनी मी कथा मोजायला आलेय असं समजून दोनदा प्रसाद दिला. तो सिग्नल मॅडमच्या वहीत 'महाराज' याच नावानं राहिला.

त्यानंतर कॉलेजात माझं नाव झालं. सुमनताई डब्याला जोडलेल्या संगणकाचा पडदा बघून सांगतात, कोण बोलतंय ते. खरंही होतं थोडं. माईक असला की पडद्यावर एक उभी काठी दिसते, वेल्डिंग सुरू झालं की सगळा पडदा खरवडल्यासारखा भरून जातो, रिमोट असला की बारीक काठी येते नि जाते. इंजिनिअरिंगच्या मास्तरांना जे कळत नाही ते बी.एस्सी. झालेल्या बाईला कळतं, हे मला आवडायला लागलं होतं. शिंगं फुटली होती म्हणा ना.

पुढच्या कामाला एक कारखाना हवा होता. घरांच्या वस्तीत ऐकणं वेगळं आणि मोटारींच्या, ठिणग्यांच्या गोंगाटात ऐकणं वेगळं. मोठ्या प्लांटची परवानगी मागायची तर तोवर मी रिटायर झाले असते. म्हणून मी डोमाभाऊंना विचारलं. डोमाभाऊ हटवार कुरुदला आमच्या मागच्या गल्लीत राहायचे, आमच्याच भंडाऱ्याकडचे. कुम्हारीच्या रस्त्यावर सळ्या बनवणाऱ्या एका छोट्या रोलिंग मिलमध्ये ते क्रेन चालवत. ही क्रेन म्हणजे शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी. ती चालवायला वर चढून बसावं लागत नाही. ऑपरेटर खाली उभा राहतो, कमरेला रिमोट बांधतो, अंगठ्यानं बटण दाबतो, आणि दोन टनांचा सळ्यांचा बंडल डोक्यावरून त्याच्या मागोमाग येतो. बटण सोडलं की क्रेन जागच्या जागी थांबते. रिमोटचं बोलणं क्रेनला ऐकू आलं नाही तरीही थांबते. सुरक्षेसाठी तशी सोयच आहे.

डोमाभाऊंनी मॅनेजरशी गाठ घालून दिली. मॅनेजरनी दोन अटी घातल्या. एक, आमच्या यंत्रानं कामात अडथळा यायला नको. आम्ही म्हटलं, हे नुसतं ऐकतं. दुसरी अट, तापलेल्या सळ्या पळत असताना दोन बायका शेडमध्ये नकोत, म्हणून यायचं ते मंगळवारी. मंगळवारी मिलला सुट्टी असायची. मॅडमनाही मंगळवारी दुपारी तास नसायचा. योग जुळून आला असं मी घरी सांगितलं.

शेडच्या बाहेर पाण्याची टाकी होती. तिच्यावर अँटेना बसवायचा होता आणि आमच्यापैकी कोणी शिडी चढणारं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी डोमाभाऊ मुद्दाम आले, टाकीवर चढले आणि तारेनं अँटेना असा आवळून बांधला की तो नंतर कोणालाच सोडवता येईना.

आठ महिने आम्ही तिथे जाऊन ऐकलं. एकही मंगळवार चुकवला नाही. माझ्या बहिणीच्या मुलाचं लग्न मंगळवारी आलं, तेव्हा मी अक्षता टाकून थेट मिलमध्ये गेले होते. वहीत तारीख, वेळ आणि आकडा, सगळं माझ्या अक्षरात. त्या सगळ्या आकड्यांवरून मॅडमनी कारखान्यातला नेहमीचा गोंगाट किती ते काढलं आणि त्याच्या जरा वर रेघ ठरवली.

आता वाचकांच्या लक्षात आलं असेल. दोन बायका, त्यातली एक पीएचडीवाली आणि दुसरीची सव्वीस वर्षांची नोकरी, आठ महिने एका कारखान्याचा गोंगाट मोजत होत्या, आणि कारखाना दर वेळी बंद होता. आम्हाला हे कोणीच सांगितलं नाही, कारण सगळ्यांना ते माहीतच होतं.

मग सरकारी खात्याकडून डब्याला बोलायची परवानगी आली. थोड्या ताकदीनं, प्रयोगापुरतं, आणि दुसरं कोणी बोलत असलं तर गप्प राहायच्या अटीवर. मॅनेजरना आम्ही इंग्रजीत पत्र दिलं. त्यांनी ते वाचल्यासारखं करून फाइलला लावलं. डबा टाकीखाली कायमचा ठेवला, त्याला कॉलेजातल्या संगणकाशी जोडलं आणि एका बुधवारी चालू केला. तो बोलेचना. ऐकायचा आणि गप्प बसायचा. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच.

तीन आठवड्यांनी सोमवारी मॅडमचं काम बघायला बाहेरची समिती येणार होती, आणि दाखवायला आमच्याकडे एक मुका डबा होता. मॅडम रायपूरला गेल्या होत्या. मी पडद्याकडे पाहिलं. सगळा खरवडलेला. म्हटलं, वेल्डिंग आहे. शेडमध्ये वेल्डिंग चालणारच, त्याला घाबरून कसं चालेल. मी रेघ थोडी वर सरकवली. डबा अधूनमधून बोलायला लागला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी सरकवली. मग तो छान बोलायला लागला. मॅडम परत आल्या तर डबा चालू. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला कॅन्टीनमध्ये डोसा खाऊ घातला. रेघ सरकवल्याचं मी सांगितलं नाही आणि वहीतही लिहिलं नाही. लपवायचं असं काही मनात नव्हतं. स्वयंपाकात मीठ किती घातलं ते आपण कुठे लिहितो, तसं मला वाटलं.

त्या खरवडलेल्या पडद्यात मधोमध एक बारीक काठी येत-जात होती. ती डोमाभाऊंची क्रेन होती. पत्र्याच्या शेडमधून रिमोटचा आवाज बाहेर टाकीपर्यंत अगदी बारीक पोचत होता, आणि मी रेघ त्याच्या डोक्यावरून नेली होती. म्हणजे रिमोट बोलत असतानाच डबा त्याच्यावर बोलत होता, आणि क्रेनला रिमोट ऐकू येईना.

हे मला कळलं ते समितीच्या आदल्या शुक्रवारी. डोमाभाऊंच्या घरून वहिनी दळण घेऊन चालल्या होत्या, त्यांनी सहज सांगितलं की ह्यांना क्रेनच्या कामावरून काढलंय. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. डोमाभाऊ अंगणात खाटेवर बसले होते आणि उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत होते.

तीन आठवड्यांत पुष्कळदा लोड मध्येच थांबला होता. दोन टनांचा बंडल माणसांच्या डोक्यावर लटकत राहायचा, खालची माणसं पळायची, काम बंद पडायचं. क्रेनच्या कंपनीचा माणूस येऊन गेला, त्याला क्रेनमध्ये काही सापडलं नाही. मग दोष राहिला डोमाभाऊंच्या अंगठ्याचा. मॅनेजरचं म्हणणं, वय झालं, हात थरथरतो, बटण सुटतं. रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं होतं. त्यांना भंगार निवडायला बसवलं होतं, आणि तब्येतीमुळे मी स्वतःच क्रेनचं काम सोडतो असा अर्ज टाइप करून त्यांच्या हातात दिला होता. सोमवारी सही करून आणायचा होता. क्रेन गेली की मिलमध्ये त्यांना दुसरं काम नव्हतं, हे तेही जाणून होते.

"ताई, मी बटन दाबूनच राहत होतो," डोमाभाऊ म्हणाले. "पह्यले मी सगळ्यायले तेच सांगो. आता मलेच वाटून राहिलं का माह्याच अंगठ्यात खोट आहे. चहाचा कप धरतो त त्याच्याइकडेच लक्ष राहते."

मी विचारलं, थांबते कुठे? ते म्हणाले, दर वेळी तिसऱ्या खांबापाशी. तिसऱ्या खांबापाशी शेडचा पत्रा निघालेला होता आणि त्याच्या बरोब्बर बाहेर आमची टाकी होती. मी विचारलं, कधी कधी थांबली ते लिहिलेलं आहे का? त्यांच्याजवळ कागदच होता. मॅनेजरनी त्यांना दिलेल्या नोटिशीत प्रत्येक वेळ मिनिटासकट लिहिली होती. आमचा डबाही आपण कधी बोललो ते मिनिटासकट लिहून ठेवतो, आणि समितीसाठी छापलेली ती यादी माझ्याकडेच होती. मी घरी येऊन दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. ह्यांनी विचारलं, काय जुळवतेस? मी म्हटलं, काही नाही. सगळं जुळलं होतं.

इथे मला एक कबूल करायचं आहे. मी शुक्रवारी रात्री कोणाला फोन केला नाही. शनिवारीही केला नाही. सोमवारी समिती होती, आणि मी मनाशी हिशेब करत होते की समिती होऊन गेली की सांगू, डोमाभाऊंना एक-दोन दिवस सही लांबवायला सांगू, काहीतरी करू. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर मागच्या गल्लीत डोमाभाऊ दिसले. ते हातात पाण्याचा पेला धरून अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. पाणी सांडतं का ते बघत होते. मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी कपडे तसेच सोडून खाली आले.

रविवारी सकाळी मी मॅडमच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. मंगळवार, रेघ, डोमाभाऊ. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "रेघ किती सरकवली, ते वहीत आहे?" मी म्हटलं, नाही. त्या उठून आत गेल्या. बराच वेळ गेला. त्यांच्या आईंनी मला पोहे आणून दिले आणि मी ते सगळे खाल्ले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. मॅडम बाहेर आल्या त्या समितीला उद्या येऊ नका असा फोन करूनच. "उद्या आठला मिलमध्ये पोचू, सुमनजी," त्या म्हणाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा मी सुमनजी झाले होते.

सोमवारी मॅनेजरसमोर मी उभ्या उभ्या सांगितलं की लोड थांबवणारा आमचा डबा आहे आणि चूक माझी आहे. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग फाइलमधून ते इंग्रजी पत्र काढून पहिल्यांदा वाचलं. तो डबा तर नुसता ऐकतो ना, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ऐकता ऐकता बोलायला लागला. ते म्हणाले, करून दाखवा.

मॅनेजरनी स्वतः रिमोट कमरेला बांधला. शेडमधली माणसं भिंतीकडे सरकली. मॅडमनी बाहेर डबा चालू केला. बंडल निघाला, पहिला खांब, दुसरा खांब, आणि तिसऱ्यापाशी थांबला. मॅनेजरचा अंगठा बटणावर पांढरा पडेपर्यंत दाबलेला होता. मी बाहेर हात केला, मॅडमनी डबा बंद केला, बंडल पुढे गेला. पुन्हा चालू, पुन्हा थांबला. तीनदा केलं. मॅनेजरनी रिमोट सोडला आणि भंगाराच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या डोमाभाऊंना हात केला.

डोमाभाऊंनी रिमोट बांधला. डबा बंद होता, त्याची वायरच मॅडमनी काढून हातात धरली होती. बंडल उचलला. पहिला खांब गेला, दुसरा गेला. तिसऱ्यापाशी बंडल थांबला.

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमच्या हातातल्या वायरकडे पाहिलं. डोमाभाऊंचा हात खरंच थरथरत होता, तो सगळ्यांना दिसत होता. तीन आठवडे ज्यानं त्यानं सांगितलं होतं की तुमचा हात थरथरतो, आणि हातानं ते मनावर घेतलं होतं.

"साहेब, हे आपमनानं नाही थांबली," डोमाभाऊ म्हणाले. "म्या थांबवली. इथं थांबतेच ना ते, म्हून अंगठाच उचलला गेला. आता पाहू द्या मले, जाते का नाही."

त्यांनी अंगठा पुन्हा ठेवला. बंडल हलला, तिसरा खांब ओलांडून पुढे गेला, शेडच्या टोकाला पोचला आणि लाकडी ठोकळ्यांवर असा उतरला की आवाजसुद्धा झाला नाही. मॅनेजरना तेवढं पुरलं. लोड असा उतरवणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता, आणि हे त्यांना कधी माहीत नव्हतं असं नाही. अर्ज त्यांनी परत मागितला. डोमाभाऊ म्हणाले, राहू द्या, मीच ठेवतो. आणि घडी करून खिशात घातला.

नंतर गेटवर चहा झाला. मी डोमाभाऊंची माफी मागितली. लोकांदेखत मागितली, कारण त्यांना बोल लागला होता तोही लोकांदेखत. त्यांनी चहा फुंकून एक घोट घेतला.

"तुमची मशीन दिवसभर कान लावून बसून राहे, का कोणी बोलून राहिलं का," ते म्हणाले. "मी त तिथंच होतो, ताई. टाकीवरचा दांडाबी म्याच बांधला. एक बार मले इचारलं असतं, का डोमाभाऊ, तुमच्या रिमोटचं कसं आहे, म्हून. मी सांगतलं असतं ना."

मी सगळ्यांचे रिकामे कप गोळा केले. स्कूटीवर येताना रडू आलं. मागे मॅडम बसल्या होत्या, त्यांनी ते ओळखलं असणार.

मॅडमचा प्रबंध दीड वर्ष लांबला. सगळी मोजणी पुन्हा केली, या वेळी सोमवार ते रविवार. एक डबा शेडच्या आत आणि एक बाहेर ठेवला. दोघांनीही रिकामं आहे म्हटलं तरच बोलायचं, एकाच्या कानावर विश्वास ठेवायचा नाही. हे काम चांगलं झालं, असं तपासणारे म्हणाले. मी सुमनजीची पुन्हा सुमनताई व्हायला मात्र दिवाळी उजाडली. छापलेल्या प्रबंधात आमच्या चुकीवर चार ओळी आहेत. मॅडमनी रेघ सरकवणारीचं नाव घातलेलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. डोमाभाऊंचंही नाव नाही. त्यांना तिथे 'जवळचा एक वापरकर्ता' म्हटलं आहे. मी ते पान त्यांना दाखवणार होते, मग विचार बदलला.

डोमाभाऊ वर्षभर क्रेन चालवून मानानं रिटायर झाले आणि गावाकडे निघून गेले. ते सुखरूप आहेत. फोनवर बोलणं होतं तेव्हा हाताचं काही विचारायची माझी हिंमत होत नाही.

मागच्या वर्षी माझीही निवृत्ती झाली. कॉलेजच्या स्टोअरच्या कागदात टाकीवरचा तो अँटेना माझ्या नावावर निघाला, म्हणून मी मिलमध्ये तो आणायला गेले. तार कापूनच काढावा लागला. कापणारा वर चढला होता तोवर मी शेडच्या दाराशी उभी राहिले. आत क्रेन चालू होती. चालवणारा नवा होता, जवळच्या खपरी गावचा एक छत्तीसगढी गृहस्थ, कामाला चोख दिसत होता. तिसऱ्या खांबापाशी निघालेला पत्रा केव्हाच बसवलेला होता. बंडल उचलला गेला, पहिला खांब, दुसरा खांब. तिसऱ्यापाशी थांबला. एक श्वास घ्यावा इतका वेळ. मग पुढे गेला.

मला वाटलं, पुन्हा कोणाचं तरी यंत्र आलं. तो मोकळा झाल्यावर मी जवळ गेले आणि विचारलं, तिथे थांबता कशाला?

"उस्ताद ऐसे ही चलाते थे, मैडम," तो म्हणाला. "हटवार उस्ताद. उन्हीं से सीखे हैं."

मी म्हटलं, अहो, आता थांबायची काही गरज नाही. पूर्वी एक अडचण होती, ती गेली. सगळं सांगावं म्हणून मी तोंड उघडलंही होतं.

तो मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "नहीं मैडम. यहाँ रुकना पड़ता है. सेफ्टी का है." आणि पुढच्या बंडलाकडे वळला. मी हातात तो गंजलेला अँटेना घेऊन बघत राहिले. तोही बंडल तिसऱ्या खांबापाशी आला, थांबला आणि मग पुढे गेला.